सहा महिन्यांनंतर: .223 वाइल्ड बॅरल आणि फुकटचा वाटलेला वेग

रायफलची 20 इंची बॅरल, 1:8 ट्विस्ट (8 इंचांत रायफलिंगचा, म्हणजे आतल्या सर्पिल खाचांचा, एक फेरा), वर '.223 वाइल्ड' (.223 आणि 5.56 दोन्ही काडतुसं चालतील असा चेंबर) असा ठप्पा. बाकी माहिती सगळ्यांना आहेच, म्हणून थेट थ्रोटवर, म्हणजे चेंबर आणि रायफलिंग यांच्यामधल्या भागावर येतो.

पहिल्या दोन महिन्यांत बॅरलवर जाम खूश होतो. काडतुसं मी घरीच भरतो: 77 ग्रेनची (ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) बुलेट, मॅगझिनमध्ये बसेल अशी 2.26 इंच लांबी, पावडर मॅन्युअलच्या कमाल आकड्यापेक्षा अर्धा ग्रेन कमी, तरी क्रोनोग्राफवर (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) सेकंदाला 60 फूट जास्त. ते कौतुक आता मागे घेतो. बॅरल तेवढीच लांब, पावडर कमी आणि वेग मात्र जास्त, तर तो वेग दाबातूनच येतो. त्याच पितळी केसेस दुसऱ्यांदा भरल्या तेव्हाच प्रायमर पॉकेट (पावडर पेटवणारी टोपी बसते ती खोबण) सैल पडले, केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणारी खुंटी) चकचकीत ठसा उमटला. हा ठसा दिसेपर्यंत सामीची (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) 55,000 पीएसआयची मर्यादा बहुधा मागे पडलेली असते. चपटा प्रायमर बघून अंदाज बांधू नका, मऊ प्रायमर साध्या लोडलाही (कमी दाबाच्या भरणीलाही) चपटे होतात. शंभर चांगल्या केसेस भंगारात गेल्या, याचा राग अजून आहे.

कारण फ्रीबोर, म्हणजे केसच्या तोंडापुढे रायफलिंग सुरू होईपर्यंतचा मोकळा भाग. वाइल्डमध्ये तो साधारण 0.06 इंच असतो, साध्या .223 मध्ये 0.025 च्या आसपास. इथे तो जवळजवळ साध्या .223 इतकाच निघाला. त्यामुळे बुलेट सुरुवातीपासूनच रायफलिंगला टेकलेली. तिला धाव घ्यायला जागा नाही, पावडर मात्र पेटलेली, मग दाब लवकर आणि उंच चढतो.

मोजायची पद्धत: आटे पाडलेली केस लावलेला लांबीचा गेज, त्याच लॉटच्या बुलेट, पाच मापं. माप बुडापासून ओजाइव्हपर्यंत (बुलेटचा निमुळता वक्र भाग) कंपॅरेटरने, म्हणजे त्या वक्रावर टेकणाऱ्या कॅलिपरच्या जोडणीने घ्या. टोकापर्यंतचं माप कामाचं नाही, टोकं कमीजास्त असतात. खात्रीसाठी सेरोसेफचं (कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू) चेंबरमध्ये कास्टिंग करा आणि ओतल्यानंतर सुमारे तासाभराने मोजा, तेव्हा ते चेंबरच्या मापाला येतं.

बुलेट नुसती केसमध्ये आणखी आत ढकलून प्रश्न सुटत नाही. केसमध्ये मुळात तीसेक ग्रेन पाणी मावेल इतकीच जागा, आतली जागा घटली की दाब त्या बाजूने वाढतो. बुलेट किती खोल बसते ते बदललं की पावडर कमी करून पुन्हा सुरुवातीपासून चढत जा.

विक्रेत्याचं म्हणणं, माप टॉलरन्समध्ये (चालू शकणाऱ्या फरकात) आहे. ठप्पा वाइल्डचा मारायचा आणि थ्रोट दुसराच कापायचा, हे मला मान्य नाही. शेवटी गनस्मिथकडून थ्रोटिंग रीमर (थ्रोट लांबवणारं कापायचं हत्यार) फिरवून घेतला, खर्च पदरचा. त्याच लोडला आता वेग सेकंदाला 45 फुटांनी उतरलाय, बुडावर ठसा नाही. नेम होता तसाच आहे. नव्या केसेस चौथ्या भरणीत आहेत आणि पॉकेट अजून घट्ट.