ऑनलाइन सट्टा बंद करताना: ब्लॉकिंग अ‍ॅप, १४४१६ हेल्पलाइन आणि बायकोकडचा पासवर्ड (सहा महिन्यांचा अनुभव)

राहायला भांडुप, नोकरी फोर्टला. सट्टा लागला तो रोजच्या लोकलमध्ये. सुरुवात ४९ रुपयांच्या फँटसी टीमने झाली. पुढे एका ओळखीच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, काढून दिला आणि मी बॉलमागे पैसे लावायला लागलो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावायची भारतीय अ‍ॅप्स बंद झाली. वाटलं, सुटलो. पण आयडीवाली साइट परदेशातली, ती चालूच. दिवाळीपर्यंत क्रेडिट कार्ड आणि दोन लोन अ‍ॅप मिळून ३ लाख ४० हजार देणं झालं होतं.

सट्टेवाले ‘जबाबदारीने खेळा’ असं सांगतात, तेही मी करून पाहिलंय. आठवड्याला १,००० ची मर्यादा टाकली होती. ती वाढवायचं बटण माझ्याच हातात होतं, आणि हरलेले काढायचे म्हणून मी ते दर आठवड्याला दाबलं. ज्याला थांबता येतं त्याला मर्यादा उपयोगी पडत असेल. मला थांबता येत नव्हतं.

मग फोनवर ब्लॉकिंग अ‍ॅप टाकलं. नाव मुद्दाम देत नाही, अशी तीन-चार आहेत आणि काम सगळ्यांचं सारखंच: सट्ट्याच्या हजारो साइट्सची यादी, त्यातली एकही उघडत नाही. मी घेतलं ते फुकट आहे. मुदत एकदा टाकली की मधेच काढता येत नाही. मी सहा महिने टाकले. पहिल्या आठवड्यात कुर्ला ते घाटकोपर तेच कोरं पान किती वेळा उघडून पाहिलं, सांगता येणार नाही. अंगठा आपोआप तिकडे जायचा. पण एक कळलं: लहर वीसेक मिनिटं टिकते. भांडुप येईपर्यंत बहुतेक वेळा ओसरलेली असायची.

आमचे वडील गिरणीत होते. लालबागच्या चाळीतला मटका त्यांनी जवळून पाहिला होता. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवरून सुरू झालेला तो आकडा. ते सांगायचे, ओपन आणि क्लोज, म्हणजे दिवसाचे दोन आकडे, यांच्या मधे काही तास जायचे, तेवढ्यात घरचं कुणीतरी येऊन हात धरायचं. माझ्या फोनवर दोन बॉलच्या मधे अर्धं मिनिटसुद्धा मिळत नव्हतं. अ‍ॅपने मला तो मधला वेळ परत दिला, एवढंच त्याचं काम.

उणिवा आहेत. अँड्रॉइडवर हे अ‍ॅप व्हीपीएन (फोनचं इंटरनेट ज्यातून वळवलं जातं ती वाट) वापरतं आणि एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, त्यामुळे ऑफिसचा लावला की कुलूप उघडं. बॅटरी सेव्हरमध्येही दोनदा बंद पडलं. शिवाय आयडीवाले रोज नवीन पत्त्याची लिंक पाठवतात, ती यादीत यायला वेळ लागतो. तिसऱ्या महिन्यात अशाच एका लिंकवरून मी चाळीस मिनिटांत ८,००० घालवले.

त्या रात्री पावणेदोनला जिन्यात बसून १४४१६ लावला. ही सरकारची टेली-मानस सेवा, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. पलीकडच्या ताईंनी किती हरलात हे आधी विचारलंच नाही. पहिला प्रश्न, “आत्ता एकटे आहात का? जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?” दुसरा, “घरात कुणाला माहीत आहे?” नाही म्हटल्यावर त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “मग उद्या सकाळी पहिलं तेच करू या.” काय बोलायचं, तेही त्यांनी माझ्याकडून दोनदा बोलून घेतलं.

सकाळी बायकोला सांगितलं. बँकेचं स्टेटमेंट तिच्यासमोर ठेवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग पेन घेऊन एकेका एंट्रीवर खूण करत गेली. तिचा हात नोव्हेंबरच्या एका ओळीवर थांबला. ती मुलीच्या क्लासची फी होती. तो क्षण मी विसरू शकत नाही.

आता पगार आला की तिच्या खात्यात जातो. माझ्या यूपीआयची दिवसाची मर्यादा ५०० आहे आणि बँकेच्या अ‍ॅपचा पासवर्ड तिच्याकडे. जास्त लागले तर मागावे लागतात, म्हणजे कशाला ते सांगावं लागतं. सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. नातेवाइकांना माझी विनंती: कर्ज फेडायला रोख हातात देऊ नका, थेट देणेकऱ्याला भरा. माझ्या मेव्हण्याने आधी रोख दिले होते, ते दोन दिवसांत गेले.

ताईंच्याच सांगण्यावरून सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जातो. रांग मोठी, अर्धा दिवस मोडतो. पण तिथे पहिल्यांदा कुणीतरी याला आजार म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. डॉक्टरांनी सांगितलं, थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला जवळपास जिंकल्यासारखाच चेतवतो, म्हणून हरूनही हात थांबत नाही. मी स्वतःला वर्षभर नालायक समजत होतो. त्या दिवशी केसपेपर हातात धरून मी बाहेरच्या बाकावर रडलो.

देणं अजून २ लाख १० हजार बाकी आहे. आयपीएलच्या दिवसांत त्रास झाला. मॅच चालू झाली की मी मुलीला घेऊन खाली चालायला जायचो. पुढच्या आठवड्यात अ‍ॅपची मुदत संपते. या वेळी पाच वर्षांची टाकणार आहोत, आणि बटण बायकोनेच दाबायचं ठरलंय.