उसातले उंदीर: घुबडाची पेटी की विष?

इंदापूर-बारामतीकडे उसात उंदीर माजले की हा प्रश्न येतोच.

झिंक फॉस्फाईड हे उंदरांचं विष स्वस्त आणि लगेच गुण देणारं. आमिष असं: ९६ भाग भरडा, २ भाग तेल, २ भाग विष. आधी २-३ दिवस नुसता भरडा ठेवला नाही, तर उंदीर चाखून सावध होतात, पुन्हा तोंड लावत नाहीत. शिवाय बांधापलीकडून नवे येतातच.

गव्हाणी घुबडानं घरटं करावं म्हणून शेतात लावायच्या पेटीचा खर्च एकदाच. तोंड पूर्वेला ठेवा, पश्चिमेचा पाऊस आत जात नाही. जोडी कधी येईल, सांगता येत नाही. पिल्लं झाली की मात्र ती रात्रभर उंदीर वाहते.

पेटीजवळ ब्रोमॅडिओलोन हे सावकाश मारणारं उंदरांचं विष नकोच. ते खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत फिरतो, घुबड तोच उचलतं आणि मरू शकतं.

पीक आत्ताच जात असेल तर झिंक फॉस्फाईड, तेही बिळात घालून बीळ बुजवा. दरवर्षीचाच त्रास असेल तर पेटी.