हायड्रोकॉर्टिसोन की प्रेडनिसोलोन? ॲडिसनवाल्यांसाठी
मला हाशिमोटो (शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करतं तो आजार) आधी कळला, ॲडिसन (तोच हल्ला अ‍ॅड्रिनलवर, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींवर) नंतर. थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर थकवा कमी व्हायचा सोडून वाढला, उठताना घेरी यायला लागली, तळहाताच्या रेषा काळवंडल्या, तेव्हा कुठे अ‍ॅड्रिनलकडे लक्ष गेलं. म्हणजे शरीराची स्वतःवरच चाललेली चढाई एका ग्रंथीवर थांबली नव्हती. पुढचं निदान तुम्हाला माहीत असणारच. प्रश्न रोजच्या स्टिरॉइडचा आहे, म्हणजे ही ग्रंथी बनवत नाही त्या कॉर्टिसोल हार्मोनच्या जागी घ्यायच्या गोळीचा, आणि मी हायड्रोकॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन दोन्ही घेऊन पाहिली आहेत.

सोय बघाल तर प्रेडनिसोलोन सरस. सकाळी एकदा घेतलं की दिवस मोकळा. हायड्रोकॉर्टिसोन रक्तात दीड तासातच निम्मं होतं, म्हणून दिवसाचे १५ ते २५ मिलीग्रॅम दोन-तीन वेळा वाटून घ्यावे लागतात. माझा दुसरा डोस दुपारी एकचा. विसरलो की चारच्या सुमारास शरीरच आठवण करून देतं: एकच ओळ तीनदा वाचूनही कळत नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि हात आपोआप मिठाच्या बरणीकडे. एकदा तर जिन्यात मध्येच बसून गोळी घेतली, आणि पाऊण तासाने माणसात आलो.

या कटकटीला कंटाळून, डॉक्टरांना विचारून, प्रेडनिसोलोनवर गेलो. चारची मरगळ गेली. दोन महिने मी भेटेल त्याला तेच सुचवत होतो. मग रात्री सुरू झाल्या. अडीचला डोळे टक्क उघडे, पोटात भूक, आणि सकाळी गोळी घेईपर्यंत डोकं जड. ५ मिलीग्रॅमवरून ४ वर आलो तर सकाळी मळमळ, परत ५. याचा एक मिलीग्रॅम म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचे साधारण चार, त्यामुळे थोडंसंच कमी करावं म्हटलं तरी ते थोडंसं राहत नाही. गाल भरले, तर लोक म्हणाले तब्येत छान सुधारली!

खरं सांगायचं तर मला खटकली ती झोप. बाकी सगळं मी सोसलं असतं. हायड्रोकॉर्टिसोन कमी पडलं की तासाभरात कळतं. प्रेडनिसोलोन जास्त होत होतं हे कळायला मला सहा महिने लागले. रेषांचा काळेपणा मात्र दोन्हींवर सारखाच फिकटला, आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन (शरीरातलं मीठ टिकवून ठेवणारी वेगळी गोळी) दोन्हींबरोबर चालूच होतं.

तुमचं वेगळं असू शकतं. सोबत टाइप १ मधुमेह असेल तर हायड्रोकॉर्टिसोन रात्री ओसरलेलं असतं आणि पहाटे साखर घसरू शकते, हे डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. कामाच्या पाळ्या बदलत असतील, दुपारचा डोस काही केल्या लक्षात राहत नसेल, तर विसरलेल्या हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा पोटात गेलेलं प्रेडनिसोलोन बरं, हे मीही मान्य करतो.

मी परत हायड्रोकॉर्टिसोनवर आलो आहे. मोबाईलवर दुपारी एकचा गजर, पाकिटात दोन जादा गोळ्या. गजर मीटिंगमध्ये वाजतो, सगळे माझ्याकडे बघतात. रात्री मात्र झोप लागते.