आयर्लंडचं जुनं रेकॉर्ड घरबसल्या: पाचपैकी साडेचार

साताऱ्यात बसून आयर्लंडमधल्या कुणाची पिढी लावायची वेळ तुमच्यावर येईलच असं नाही. पण मुलंमुली हल्ली डब्लिन-कॉर्कला नोकरीला जातात, तिकडेच लग्नं करतात, आणि मग एखाद्या रविवारी विहीणबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, "तुम्ही जमिनीच्या ऑफिसात होता ना?" मी भूमी अभिलेख खात्यात होतो. मोजणीत उभी हयात गेली. आता निवृत्त होऊन शाहूपुरीतल्या घरात पश्चिम कॉर्कचे लॉट नंबर बघत बसतो, आणि बायको म्हणते, पेन्शन कुठलं खाताय आणि काम कुणाचं करताय!

विहीणबाईंचं माहेर सलिवन. कॉर्क आणि केरी या दोन काउंट्यांत हे आडनाव म्हणजे आपल्याकडचं जाधव. त्यांना एवढंच ठाऊक होतं की आजोबांचं घराणं बँट्रीच्या आसपासचं. त्यांनी आधी एका खासगी कंपनीला पैसे भरून वंशावळ करून घेतली होती. छान रंगीत झाड, पाच पिढ्या, कडेला वेलबुट्टी. गाव मात्र एकाही नावापुढे नाही. नावाला नाव मिळालं की जोडलं, असा प्रकार. वारस नोंदीसाठी असं प्रकरण आलं असतं तर मंडल अधिकाऱ्यांनी उभ्या उभ्या परत केलं असतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण पुराव्याचं पान न जोडता पिढी लावून देणाऱ्याला दमडी देऊ नका. जे हवं ते बहुतेक सरकारी साइटवर फुकट आहे.

फुकट असलं तरी सलग नाही. ३० जून १९२२ ला, तिथल्या यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतलं सरकारी दप्तर स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे कागद जवळजवळ सगळे त्यात जळाले. १८६१ आणि १८७१ चे सरकारने आधीच नष्ट केले होते आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्याला गेले. म्हणून पूर्ण मिळणारी सगळ्यात जुनी जनगणना १९०१ ची, त्यानंतर १९११ ची. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर आहेत, घरोघरचा मूळ फॉर्म उघडतो. वयावर मात्र विसंबू नका. १९०९ पासून सत्तरीपुढच्यांना पेन्शन सुरू झालं आणि १९०१ मध्ये पंचावन्न वर्षांची असलेली बाई १९११ मध्ये सत्तरी पार करून बसली. श्रावणबाळ योजनेचे अर्ज ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जनगणनेच्या मागे जायचं तर मुख्य आधार दोन, जमीन आणि चर्च. लोक सहसा चर्चकडे धावतात. माझं मत उलटं आहे. आधी जमीन.

'आस्क अबाउट आयर्लंड' या साइटवर ग्रिफिथची मूल्यांकन यादी आहे. रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली अख्ख्या आयर्लंडची आकारणी झाली आणि १८४७ ते १८६४ या काळात ती छापून निघाली. साताऱ्याचं राज्य १८४८ ला खालसा झालं, म्हणजे बरोबर त्याच सुमारास. गरिबांच्या पोटापाण्यासाठी जो स्थानिक कर होता तो कुणावर किती बसवायचा, हे ठरवायला ही यादी केली. त्यामुळे भावनेचा प्रश्नच नाही, वसुलीचा कागद आहे, आणि वसुलीचा कागद खोटं कमी बोलतो.

पान उघडल्यावर मला तर घरी आल्यासारखं वाटलं. डावीकडे लॉट नंबर, मग ताबेदाराचं नाव, मग त्याने जमीन ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव, मग घर-गोठा-जमीन असं वर्णन, क्षेत्र, आणि शेवटी जमिनीची, बांधकामाची व एकूण आकारणी. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. ४० पर्चचा रूड, ४ रूडचा एकर, म्हणजे आपला एक गुंठा बरोबर ४ पर्च. कागद-पेन्सिल घेऊन विहीणबाईंच्या पूर्वजांची जमीन मी गुंठ्यात काढून दिली, त्याचं त्यांना भारी कौतुक.

एक गोष्ट आपल्या माणसाच्या पटकन ध्यानात येते. यादीत जवळजवळ सगळी कुळंच आहेत. मालक भलतीकडे, मध्ये एखादा मध्यस्थ, आणि कसणारा तळाला. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं, तिकडे १९०३ च्या विंडहॅम कायद्याने सरकारी कर्ज काढून कुळांनी जमिनी विकत घेतल्या. म्हणून यादीत नाव दिसलं की 'आमची जमीन होती' म्हणून नाचायचं कारण नाही. विहीणबाईंना हे सांगताना जरा जड गेलं.

पण खरा माल आहे तो कंसात. एका टाउनलँडमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात लहान महसुली तुकड्यात, एकाच नावाचे दोन ताबेदार असले की ओळख पटावी म्हणून कारकुनाने पुढे कंस करून बापाचं नाव नाहीतर धंदा लिहिलाय. आम्हाला हवा तो माणूस असाच निघाला. त्याच टाउनलँडमध्ये त्याच नावाचे दोघे, दोघांच्या कंसात वेगवेगळं नाव. कुठल्याही झाडात नव्हता तो खापरपणजोबा आकारणीच्या कारकुनाने सोय म्हणून लिहून ठेवलेला! मी ते पान पोवई नाक्यावर झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्रीवर काढून घेतलं. तो विचारत होता, काका हा उतारा कुठल्या तालुक्याचा?

आता अर्धा गुण कुठे कापला ते. साइटवरचे नकाशे काही ठिकाणी छापील यादीच्या नंतरचे आहेत, त्यामुळे यादीतला लॉट नंबर नकाशावर शोधायला गेलं की भलत्याच बांधावर पोचायला होतं. नंबरावर न जाता आजूबाजूचे ओढे, रस्ते, शेजारचे ताबेदार बघून जागा धरावी. शिवाय साइटचा चेहरा जुनाट आहे आणि मोबाइलवर नकाशा हलवताना बोटं दुखतात. लॅपटॉप घ्या.

ग्रिफिथच्या मागे जायचं तर टाइदचं वहीखातं, १८२३ ते १८३७. सरकारमान्य प्रॉटेस्टंट चर्चला द्यायचा हा कर कॅथलिक शेतकऱ्यालाही भरावा लागे, म्हणून त्याचं नाव त्यात सापडतं. क्षेत्र बघताना सावध, कारण बरेच ठिकाणी आयरिश एकर धरलाय आणि तो आपल्या एकराच्या १.६२ पट असतो. एकच टाउनलँड टाइदच्या वहीत आणि ग्रिफिथमध्ये शेजारी ठेवून बघितला की मधल्या काळात किती नावं गळली ते दिसतं. १८४५ ते १८५२ चा दुष्काळ त्या मधल्या काळातला. साधारण दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. विहीणबाईंच्या टाउनलँडची ती दोन पानं मी शेजारी लावून पाठवली. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, उरलेल्यांचीही नावं लिहून घ्या.

टाउनलँड हातात आल्यावर मग चर्च. राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, रजिस्टरांची मायक्रोफिल्म २०१५ पासून ऑनलाइन खुली केली आहे. ३ लाख ७० हजारांहून जास्त पानं, साधारण १८८० पर्यंतची. ही रजिस्टरं १९२२ च्या आगीतून वाचली, कारण ती पाद्रीबाबांकडे गावातच होती. नकाशावर पॅरिश निवडायचं, मग वर्ष-महिना. इथे नावाने शोध नाही, पान न् पान डोळ्यांनी चाळायचं. अक्षर कुठे मोत्यासारखं, कुठे शाई पसरलेली, कुठे नुसता काळा पट्टा. २०२३ पासून आपल्याकडे कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुकं आणि मोडीतले नमुने उलगडत बसलेली मंडळी जी तक्रार करतात, तीच इथेही.

बाप्तिस्म्याच्या एका ओळीत तारीख, मुलाचं नाव, बापाचं, आईचं माहेरच्या आडनावासकट, आणि दोन धर्ममायबाप. नावं बरेचदा लॅटिनमध्ये. जेम्सचा जेकोबस होतो, विल्यमचा गुलिएल्मस. बाईचं माहेर लिहिलेलं असतं ही मोठी सोय आहे, कारण सलिवन शेकडो असले तरी नवरा-बायकोची जोडी जुळवली की गर्दी झपाट्याने कमी होते. धर्ममायबाप सोडू नका, ते बहुधा भावकीतले नाहीतर शेजारचे असतात. आमच्या नोंदीतला एक साक्षीदार ग्रिफिथच्या यादीत लगतच्या लॉटचा ताबेदार निघाला, तेव्हा माझी खात्री पटली.

कॉर्क अँड रॉस डायोसिसच्या, म्हणजे तिथल्या बिशपच्या हाताखालच्या भागाच्या, आणि केरीच्या चर्च नोंदी 'आयरिश जीनिऑलॉजी' या सरकारी साइटवर नावाने शोधता येतात, म्हणून आमचं काम हलकं झालं. त्याच साइटवर १८६४ पासूनचे जन्म-मृत्यूचे दाखले आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं, पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू, मूळ पानासकट. पाच सेकंदांत पान उघडतं आणि खिडकीवर कुणी 'उद्या या' म्हणत नाही.

ग्रिफिथमधलं पॅरिश महसुली आहे, कॅथलिक चर्चचं पॅरिश वेगळं, आणि दोघांच्या हद्दी जुळत नाहीत. टाउनलँड कुठल्या चर्चच्या पॅरिशात पडतं ते आधी ठरवून घ्या, नाहीतर भलत्याच गावची वही चाळत महिना जाईल.

राहिले फेरफार. ग्रिफिथनंतर ताबेदार बदलला की वहीत जुनं नाव खोडून नवं, वेगळ्या रंगाच्या शाईत, वर्षासकट लिहीत. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांच्या १८६४ ते १९३३ च्या या वह्या बेलफास्टच्या 'प्रोनी' अभिलेखागाराच्या साइटवर फुकट दिसतात. कॉर्कच्या मूळ रंगीत वह्या डब्लिनला आहेत. विहीणबाई जाणार आहेत. त्यांना टाउनलँड, पॅरिश, बॅरनी (काउंटीतला जुना महसुली विभाग) आणि लॉट नंबर एका कागदावर लिहून दिलेत, आणि खाली सांगितलंय की मोबाइलवर फोटो काढताना शाईचा रंग दिसेल असा उजेड बघा.