मुंबई ते न्यूयॉर्क: थेट विमान की आखातात थांबा?

नकाशावर दोन्ही मार्ग जवळपास सारखेच. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, दुबईमार्गे सुमारे १२,९५०, दोहामार्गे १३,०००च्या थोडं वर. वाट वाकडी होते ती चार-पाचशे किलोमीटरची, म्हणजे विमानाचा अर्धा-पाऊण तास. तरी थेट विमान जाताना साधारण १६ तास घेतं आणि थांब्याचा प्रवास २० ते २२. जास्तीचा वेळ जातो तो जमिनीवर.

आईला घेऊन बहिणीकडे न्यू जर्सीला मी दोनदा गेलो, पहिल्यांदा आखातातून. तिकीट स्वस्त होतं आणि मध्ये तिचे पाय मोकळे होतील असंही वाटलं. तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत.

पहिला टप्पा तीनच तासांचा. जेवणाचे ट्रे उचलून दिवे मंद झाले, तिचा डोळा लागला आणि लगेच उतरायची घोषणा झाली. खाली पुन्हा सुरक्षा तपासणी. गुडघ्यांतल्या धातूमुळे यंत्र वाजलं, तिला बाजूला घेतलं, व्हीलचेअरवरून उठवून हात वर करायला लावले. मुंबईतही हे झालं होतं, पण तिथे ती जागी होती आणि बोलणं मराठीत होतं. इथे पहाटेचे तीन, अर्धवट झोप, आणि समोरची बाई काय सांगतेय ते तिला कळेना. मी दुसऱ्या रांगेत. तिथून पुढे चौदा तास बसायचं होतंच. पाय मोकळे करावेसे वाटतात दहाव्या तासाला. थांबा येतो तिसऱ्या.

दुसऱ्या वेळी थेट गेलो. मधल्या वाटेकडेची खुर्ची घेतली, दर दोन तासांनी तिला मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालवत नेलं. पावलं थोडी सुजली, पण सलग सहा तास झोपली. तपासणी एकदाच.

तुम्ही तरुण असाल, तिकिटातला फरक मोठा असेल, तर थांबा वाईट नाही. अबू धाबीहून गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि पलीकडे उतरल्यावर रांग लागत नाही. ही सोय २०१४ पासून आहे. परतीचं गणितही वेगळं. पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे वारे मागून असल्यानं थेट विमान १४ तासांच्या आसपास मुंबईत येतं. आखातातून आलात तर लांबचा टप्पा आधी संपतो, थांबा नेमका अंग आखडल्यावर मिळतो, आणि पुढे तीनच तास उरतात. एकटा असेन तर येताना मी तोच मार्ग घेईन.

आई सोबत असेल तर मात्र जातायेता दोन्हीकडचं थेट तिकीट काढतो, दोन-तीन महिने आधीच.