पुरानंतरची बादली आणि तिच्यासोबतचे प्रार्थनेचे कार्ड

वर्धा-वैनगंगेच्या काठच्या गावांत पूर ओसरला की मदतीच्या गाड्या येतात आणि त्यांतून बहुतेक कपड्यांची गाठोडी उतरतात. घरात गुडघाभर गाळ असलेल्या बाईला जुनी साडी काय कामाची? तिला हवा असतो खराटा. हे ज्यांना कळले अशा एका छोट्या ग्रामीण ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) तयार केलेली ही साफसफाईची बादली. फुकट मिळते, पण म्हणून परीक्षणात सूट नाही. फुकटची वस्तू खराब निघाली तर घेणारा बोलून दाखवत नाही, एवढाच फरक.

बादली २० लिटरची, घट्ट झाकणाची. आत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) ५०० ग्रॅम, धुण्याच्या साबणाच्या ४ वड्या, खराटा, फडा, दोन पोछे, रबरी हातमोज्यांचा एक जोड, प्लास्टिकचा मग, १० मीटर नायलॉन दोरी, ओआरएसची ५ पाकिटे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांचा एक पत्ता, मेणबत्त्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी. शिवाय १२ बाय १५ फुटांची ताडपत्री. सगळ्यात वर एक जाड कागदाचे कार्ड: एका बाजूला सूचना, दुसऱ्या बाजूला प्रार्थना.

निवड चांगली आहे, पण एका बादलीला दोन कामे लावली आहेत. तिच्यात एकदा चिखल वाहिला की तिला पिण्याच्या पाण्यासाठी परत घ्यायला कोणीही कचरेल, आणि ते बरोबरच आहे. सोबत एक लोखंडी घमेले दिले असते तर बादली पाण्यालाच राहिली असती. बादलीला खाली तोटी बसवली असती तर पाणी घेताना प्लास्टिकचा मग बुडवावा लागला नसता आणि पाण्याला हात लागला नसता. फावडे घरटी देणे परवडत नाही, हे मान्य. पण गल्लीमागे दोन फावडी फिरती ठेवता येतात. काळ्या मातीचा गाळ ओला असतो तेव्हाच निघतो. चार दिवस ऊन लागले की त्याच्या ढेपा होतात, मग कुदळ लागते.

हातमोजे आहेत, पायात मात्र काही नाही. चिखलात पत्र्याचे तुकडे असतात, खिळे असतात, पाण्याने बिळे भरल्यामुळे घरात आलेला मण्यार असतो, आणि पायाला चीर असेल तर उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती वेगळीच. बादलीत काही कमी करायचे असेल तर मेणबत्त्या कमी करा, पण गमबूट द्या.

टीसीएलची पिशवी हा या बादलीतला सर्वांत कच्चा दुवा. पावडर पातळ पॉलिथिनमध्ये बांधली आहे. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल आणि उष्णता लागली की तो उडून जातो आणि हातात राहतो नुसता चुना. झाकणाचा प्लास्टिकचा डबा हवा, त्यावर पॅकिंगची तारीख हवी. ओआरएसची पाकिटे तर तिच्याजवळ ठेवूच नयेत.

आता कार्डावरच्या सूचना. पहिली ओळ आहे, 'लगेच घर धुवून काढा.' ही ओळ नुकसान करते. धुण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो, भिजलेल्या धान्याच्या पोत्यांचा फोटो आणि मेलेल्या जनावराचा फोटो काढायला हवा. पंचनाम्याला कोणी येईपर्यंत घर चकाचक झालेले असेल तर नुकसान दाखवणार कशावरून? आणि या सगळ्याच्याही आधीची पायरी मेन स्विच बंद करण्याची. तीही कार्डावर नाही.

'विहिरीत पावडर टाका' एवढेच लिहिले आहे, किती ते नाही. त्यामुळे लोक अख्खी पिशवी उपडी करतात. साधा हिशोब हजार लिटरला अडीच ग्रॅमचा. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते २८ हजार लिटरच्या आसपास भरते, म्हणजे पावडर ७० ग्रॅम. पण हे नेहमीच्या पाण्याचे माप. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीला ते पुरत नाही. आधी मोटर लावून गढूळ पाणी उपसा, नवे पाणी निवळू द्या, मग जलसुरक्षकाला (गावचे पाणी शुद्ध ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला) सांगून वाढीव मात्रा घाला. पावडर तशीच भुरभुरायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी विहिरीत सोडायचे. तासाभराने ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणाऱ्या) पिवळा रंग आला तरच पाणी प्यायचे.

घरातली जमीन धुवायला १० लिटर पाण्याला ६० ग्रॅम पावडर, म्हणजे सुमारे ०.२ टक्क्याचे द्रावण. गाळ काढून, साबणाने घासून झाल्यावरच ते ओतायचे. चिखलावर ओतले तर क्लोरीन चिखलच खातो. आणि संडास धुवायच्या ॲसिडसोबत ते कधीही मिसळायचे नाही, विषारी वायू होतो. मातीच्या भिंतीवर पाण्याचा जोर नको, तिला सावकाश वाळू द्यावे. अशा भिंती पुरात तगतात आणि वाळताना पडतात, म्हणून भेगा वाढत आहेत का ते रोज पाहावे लागते.

कार्डाच्या दुसऱ्या बाजूवर या मंडळीने कष्ट घेतलेले दिसतात. पहिल्या छपाईत फक्त बायबलमधले १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ होते, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, म्हणजे देवाचे आभार माना, असे सांगणारे. वचन खरे, पण गोठ्यातली बैलजोडी वाहून गेलेल्या कास्तकाराच्या हातात ते एकटे दिले की हुकूम वाटते. तिथे 'सर्व स्थितीत' आहे, 'सर्व स्थितीबद्दल' नाही, हे समजावायला कार्डासोबत माणूस लागतो. इफिसकरांस ५:२० मध्ये 'सर्व गोष्टींबद्दल' असेही आहे, हे लपवायचे कारण नाही. पण ते एकत्र गाणाऱ्या मंडळीला लिहिले आहे. उद्ध्वस्त अंगणात एकट्या उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर ते फेकायचे नसते.

दुसऱ्या छपाईत स्तोत्र ६९ आले, आणि कार्ड एकदम बदलले. पाणी गळ्याशी आले आहे अशी हाक पहिल्याच ओवीत. दुसऱ्या ओवीत खोल चिखल, पाय ठेवायला जागा नाही. गीत गाऊन उपकारस्तुती करीन हे येते थेट ३०व्या ओवीत. मधल्या ओव्यांत रडणे आहे, लाज आहे, चिडणे आहे, शत्रूंवरचे शापसुद्धा आहेत. चिखलापासून उपकारापर्यंतचे अंतर खुद्द शास्त्रानेच एवढे ठेवले आहे, तर मदत वाटणाऱ्याने ते पहिल्या दिवशी कशाला कापायचे? कार्डावर ओवी १ ते ३ आणि ३० छापल्या आहेत. मधल्या गाळल्याची खूण म्हणून टिंबे हवी होती.

पूर म्हणजे पापाची शिक्षा, असा सूर कार्डावर कुठे नाही. हा मोठा गुण. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते का, हे विचारून येशूने स्वतःच नाही म्हटले आहे (लूक १३:४-५). ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातले मोवाड गाव बुडवले, २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने भंडारा ते गडचिरोली काठ धुऊन नेला. तिथे कोणाचे पाप मोजणार? नागपुरात १८४५ साली मिशन सुरू करणारे स्टीफन हिस्लॉपही १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढ्यात बुडूनच गेले. विदर्भातल्या मंडळ्यांना पाण्याचे भय शिकवावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र तातडीने बदलायला हवी. प्रार्थना आणि सूचना एकाच कार्डावर असल्याने ती प्रत्येक बादलीत जाते. गल्लीत बौद्ध घरे आहेत, हिंदू घरे आहेत, एखादे मुसलमान घर आहे. साबणासोबत न मागता आलेली प्रार्थना साबणाची किंमत वाटू शकते. यादी घरांच्या नुकसानीवरून केली आहे, मंडळीच्या रजिस्टरवरून नाही, हे उत्तम. मग कार्डही दोन करा. सूचनांचे सगळ्यांना, प्रार्थनेचे मागेल त्याला.

या बादलीसोबत रविवारच्या उपासनेचे निमंत्रणही असते. पहिल्या रविवारी फक्त विलाप आणि मध्यस्थीची प्रार्थना, उपकारस्तुतीची उपासना पुढे पीक सणाला, म्हणजे नव्या पिकासाठी देवाचे आभार मानायच्या दिवशी. हा क्रम पटतो. पाळकसाहेबांसाठी एकच सूचना: त्या वर्षी प्रथमफळांच्या (देवाला वाहायच्या पहिल्या पिकाच्या) ताटात काय येईल ते आधी गृहीत धरू नका. कापसाची पऱ्हाटी पाणी साचून सुकलेली असते, सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटलेले असतात. तेव्हा कोणी ओटी चाचणीत पास झालेल्या विहिरीच्या पाण्याची बाटली आणून ठेवली तर ती अर्पणाच्या टेबलावर राहू द्या. बायबलमधले हबक्कूक ३:१७-१८ वाचायला याहून योग्य वेळ नाही. तिथेही शेत रिकामे आहे आणि गोठाही.

भिजलेल्या बायबलबद्दल कार्डावर एक ओळ हवी. घरोघरच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मा, लग्न यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. ते पातळ कागद ओले असताना एकमेकांपासून सोडवायला गेले तर फाटतात. पुस्तक उभे, पाने जराशी पसरून, पंख्याखाली ठेवा. वरचे पाणी निथळल्यावर दर काही पानांनंतर कोरा टिपकागद घाला आणि तो बदलत राहा. कडक उन्हात ठेवलेले पुस्तक वाकडे होते.

कार्डाच्या तळाशी चार रिकाम्या रेषा आहेत, ज्यांचे आभार मानायचे त्यांची नावे लिहायला. ट्रॅक्टर देणारा, शाळेची किल्ली उघडून देणारे गुरुजी, रात्री दोर धरून उभी राहिलेली पोरे. कल्पना छानच, पण लिहायला बादलीत काही नाही. एक पेन्सिल टाका. पेन नको, ओल लागली की शाई फुटते.