लॅबचं (लॅब्राडॉर कुत्र्याचं) वजन उतरवायचंय: मोजून ड्राय फूड घालावं की घरचा चिकन-भात?

दीड-दोन वर्षांचा लॅब आहे, वरून बघितलं तर कंबर दिसत नाही, बरगड्या बोटांनी शोधाव्या लागतात आणि डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलंय, इथपर्यंत जे आलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या गुंड्याचं हे सगळं होऊन गेलंय. एकोणीस महिन्यांचा असताना तो ३८.५ किलो होता, आता दोन वर्षांचा होतोय आणि ३२ च्या आसपास आहे. आधी सात महिने घरचं जेवण घातलं, मग ड्राय फूडवर आलो. दोन्ही अगदी मनापासून केलं होतं.

घरच्या जेवणाबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच चांगलं आहे. कुकरची शिट्टी झाली की गुंड्या ओट्याखाली येऊन बसायचा, चिकन उकळत असताना त्याची शेपटी फरशीवर आपटत असायची, आणि वाडगं भरून मिळायचं त्यामुळे खाऊन झाल्यावर शांत झोपायचा. पोट साफ, केस चमकदार. डॉक्टरांनी नीट रेसिपी लिहून दिली, कॅल्शियम आणि व्हिटॅमिनची पावडर कधी चुकवली नाही आणि स्वयंपाक एकाच माणसाच्या हातात असेल तर घरच्या जेवणावर वजन उतरतं, उतरलेली कुत्री मी बघितलीत. फक्त पावडरचं हलक्यात घेऊ नका, नुसत्या चिकन-भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं, आणि वाढत्या हाडांना ते बाधतं. तुमचं पिल्लू अजून वर्षाच्या आतलं असेल तर माझ्या मते मोठ्या जातीच्या पिल्लांचं ड्राय फूडच बरं, तिथं प्रयोग नको.

मग आम्ही बदललं का, तर भाताच्या मापामुळे. ऐकायला ही बारीकशी गोष्ट वाटेल पण मला तिनेच दमवलं.

दोनशे ग्रॅम तांदूळ शिजून कधी पाचशे ग्रॅम होतो कधी सहाशे, पाणी कोण किती घालतंय त्यावर. वाडगं तेवढंच भरलेलं दिसतं पण आज मोकळा भात असला तर जास्त पोटात गेला, उद्या आसट असला तर कमी गेला. चिकन एक दिवस कातडीसकट आलं, एक दिवस काढून आलं. मी सकाळी घालून ऑफिसला जायचो, दुपारी आई घालायची, रात्री वहिनी, आणि तिघांची तीन मापं. आईचं माप म्हणजे मूठ, आणि तिची मूठ मायेप्रमाणे लहानमोठी व्हायची. वर "थोडाच भात उरलाय, वाया कशाला घालवायचा" हे रोजचंच. एक चपाती शंभरेक कॅलरीची असते, पाव लिटर म्हशीचं दूध अडीचशेच्या जवळपास, आणि ३२ किलोचं टार्गेट धरून गुंड्याला दिवसाला बसत होत्या साधारण ९४० कॅलरी! (टार्गेट वजनावरून दिवसाच्या कॅलरी काढायचा फॉर्म्युला असतो, डॉक्टर करून देतात.) म्हणजे दोन चपात्या आणि वाटीभर दूध झालं की निम्मा दिवस तिथंच संपला, आणि हे जेवणाच्या वर. त्यात चौदाव्या महिन्यात नसबंदी झालेली, त्यानंतर गरज वीस-तीस टक्क्यांनी कमी होते हे आम्हाला माहीत होतं पण वाडग्यापर्यंत ते कधी पोचलंच नाही.

महिन्याच्या शेवटी मार्केट यार्डातल्या ओळखीच्या धान्याच्या दुकानात पोत्यांच्या काट्यावर त्याला बसवायचो (बाथरूमच्या काट्यावर उचलून घेऊन उभं राहायचं हे ३८ किलोला जमत नाही), आकडा वाढलेला असायचा आणि घरात कुणालाच सांगता यायचं नाही की कोणी काय जास्त घातलं. कारण कोणी मुद्दाम जास्त घातलेलंच नसायचं. घरात एकमेकांवर चिडचिड व्हायला लागली, आई एकदा रडली सुद्धा, की मुक्या जीवाला दोन घास घातले तर तुम्ही मला बोलता. ते मला फार लागलं.

ड्राय फूडवर आल्यावर एकच गोष्ट केली. सकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर २४० ग्रॅम मोजून एका स्टीलच्या डब्यात भरतो. (आमच्या फूडमध्ये किलोला ३५०० कॅलरी आहेत म्हणून २४०, तुमचं वेगळं असेल, पाकिटावर किंवा कंपनीच्या साइटवर बघा आणि सोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या कपावर विश्वास ठेवू नका, तो प्रत्येकाच्या हातून वेगळा भरतो.) हा दिवसाचा डबा. सकाळचं, रात्रीचं, ट्रेनिंगचं बक्षीस, आईला दुपारी द्यावंसं वाटेल ते, सगळं ह्यातूनच द्यायचं. डबा रिकामा झाला की दिवस संपला. आईला सात महिने "देऊ नको" म्हणत होतो त्याने काहीच झालं नाही, "यातलं दे" म्हटल्यावर चार दिवसांत बसलं. ती आता दुपारी पाटावर बसून त्याला एकेक दाणा भरवते, दहा-पंधरा दाण्यांत दोघांचं समाधान होतं. उरलेल्या १०० कॅलरीत गाजर, काकडी, कधी अर्धं सफरचंद बिया काढून.

तक्रार ड्राय फूडबद्दलही आहे, ती लपवत नाही. २४० ग्रॅम म्हणजे दोन वेळचं मिळून वाडग्याचा तळ झाकेल एवढंच दिसतं, आणि तो अर्ध्या मिनिटात संपवून तोंडाकडे बघत बसायचा. पहिले तीन आठवडे वाईट गेले, रात्री दाराशी येऊन कण्हायचा. तो नाटक करत नव्हता हे मला नंतर वाचून कळलं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडाच गळालेला असतो, आणि २०२४ ला त्यांनीच सांगितलं की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मधे जास्त भूक लागते आणि आरामात असताना त्यांचं शरीर पंचवीसेक टक्के कमी ऊर्जा खर्च करतं. भूकही जास्त आणि खर्चही कमी. गुंड्यात तो जीन तसा आहे का हे आम्ही तपासलेलं नाही पण त्याच्याकडे बघायची माझी नजर त्या दिवसापासून बदलली.

भुकेवर उपाय सापडला तो दुधी आणि लाल भोपळ्यात. उकडलेला, मीठ-फोडणी काही नाही, शंभर ग्रॅमला वीस कॅलरी सुद्धा जेमतेम, दाणे कोमट पाण्यात भिजवून त्यात हा भोपळा कालवला की वाडगं भरतं. संध्याकाळचे थोडे दाणे गच्चीवर पसरून टाकतो, ते हुंगून शोधण्यात त्याची वीस मिनिटं जातात आणि दमतोही. म्हणजे घरच्या जेवणातलं जे पोटभर वाटणं होतं ते थोडंफार इथं आणता येतं, भाताचं माप मात्र मला शेवटपर्यंत आणता आलं नाही. पैशाचं म्हणाल तर आम्हाला फार फरक पडला नाही, महागातलं फूड घेतलं तर पडेल.

आईचं मन पूर्ण वळलं ते दुसऱ्याच गोष्टीने. डॉक्टरांनी तिला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं, ४८ लॅबची पिल्लं, जोड्या लावलेल्या, एकाला जेवढं घातलं त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला, आयुष्यभर. २००२ साली निकाल छापून आले, कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि सांधेदुखीची औषधंही त्यांना उशिरा लागली. आईने तिथेच विचारलं, पावणेदोन वर्षं नक्की का? तेव्हापासून डब्याची राखण तीच करते. पाहुणे आले की पांढऱ्या रश्श्यातलं हाड त्याच्यापर्यंत पोचू देत नाही (शिजलेलं हाड टोकदार फुटतं, आणि रश्श्यात कांदा-लसूण असतो, दोन्ही घातकच).

व्यायामाबद्दल थोडक्यात, कारण त्यात दोन बाजू फारशा नाहीतच. नुसतं चालवून वजन उतरेल असं धरून बसू नका. ढोबळ हिशोब असा की एवढं कुत्रं तीन किलोमीटर चाललं तर शंभरेक कॅलरी जातात, म्हणजे एक चपाती. चालणं तरीही हवंच, सांधे आणि स्नायूंसाठी आणि त्याच्या डोक्यासाठी. आम्ही सातच्या आत रंकाळ्याला एक फेरी मारायचो, पण तिथं आदल्या रात्रीची भेळ पडलेली असते आणि लॅबच्या नाकापुढे आपलं काही चालत नाही, म्हणून आता उसाच्या बांधावरून जातो. बॉल फेकणं कमी केलं, वजनदार कुत्र्याला पळता पळता गर्रकन वळणं सांध्यांना बरं नाही. सगळ्यात चांगलं पोहणं, पण शेततळ्यात अजिबात सोडू नका, त्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो की कुत्र्याला बाहेर येता येत नाही. उतरता काठ असलेला स्वच्छ ओढा, लाइफ जॅकेट आणि लांब दोरी, पावसाळ्यात तेही नाही. एप्रिल-मेमध्ये डांबराला तळहात लावून बघा, तुम्हाला पाच सेकंद ठेवता येत नसेल तर त्याला चालवू नका.

तर घरी एकटेच असाल, स्वयंपाक तुमचाच असेल आणि कुत्रं ड्राय फूडला तोंड लावत नसेल किंवा त्याला ते सोसत नसेल, तर घरचं जेवण डॉक्टरांच्या रेसिपीने करा, मी तुम्हाला अडवणार नाही. माणसं तीन-चार असतील तर मला डब्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. आठवड्याला एक-दीड टक्का उतरलं तरी पुष्कळ, त्याहून घाई नको, आणि डबा इमानदारीने पाळूनही महिनाभरात आकडा हललाच नाही तर थायरॉइड तपासून घ्या. जुन्या खाण्यावरून नव्यावर येताना आठेक दिवस थोडं थोडं मिसळत या नाहीतर पोट बिघडतं. आणि फूडचं पोतं आणायच्या आधी काटा आणा, पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो.